तीस किलोंच्या संसारात मिन्याच्या डब्या

भाचा : मावशी, खरं सांग, यातल्या एका तरी डबीत काही ठेवलंयस का?

मावशी : निळीत सुया आहेत. हिरव्या झाकणाच्या डबीत काकांची जुनी सिमकार्डं. आणि ही चपटी रिकामी आहे, कारण तिच्यात ठेवायची वस्तू आता कुणी वापरतच नाही.

भाचा : कसली वस्तू?

मावशी : टिकल्या. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या, फ्रान्समधल्या बायका गालावर, हनुवटीवर काळ्या रेशमाच्या टिकल्या चिकटवायच्या. कुणी नटायला, कुणी देवीचे व्रण झाकायला. झाकण उघड, आत आरसा आहे बघ.

भाचा : आंधळा झालाय तो.

मावशी : अडीचशे वर्षांनी तुझ्या चष्म्याचंही काही खरं नाही.

नईममधल्या एका भाड्याच्या घरात या डब्यांवरून वाद कित्येक शुक्रवार चालू आहे. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. चहाला वर गेलो की दोघंही मला पंच नेमतात आणि माझा निकाल कुणीच ऐकत नाही. मावशींची (मीही त्यांना मावशीच म्हणतो) परिचारिकेची नोकरी संपत आली आहे. गावी परतायचं कधीतरी पक्कं करावं लागणार. भाचा दोन सुटकेसी घेऊन आला आणि त्यातली एक त्याने अजून पुरती उघडलेली नाही. नईम म्हणजे बहारीनमध्ये, मनामाच्या जुन्या सूकला, म्हणजे बाजाराला, लागून असलेला मोहल्ला. एकेकाळी इथे जहाजं बांधत, हिंदुस्थानातून आलेल्या सागवानाची. पुढे भराव पडत गेले, किनारा दूर सरकला, आणि जहाजवाल्यांच्या गल्ल्यांत आता समुद्राचा वासही येत नाही. अशा जागी मावशींनी कपाटाच्या दोन फळ्या मिन्याच्या डब्यांनी भरल्या आहेत: इस्फहानच्या, जयपूरच्या, विलायती, एक चिनी.

भाचा : माझा आक्षेप साधा आहे. आपण इथे व्हिसाच्या शिक्क्यावर राहतो. परत जाताना विमानात माणशी तीस किलो सामान. अशा घराला शोभेची वस्तू परवडत नाही. पैशाचं म्हणत नाही मी. जागेचं आणि मनाचं म्हणतोय.

मावशी : म्हणून तर डब्या. मी काय झोपाळा घेतला? पितळी खिळ्यांची सागवानी पेटी बघून आले होते सूकमध्ये, मुंबई-सुरतेकडून इकडे यायची तसली. चौघांनी उचलायची. नाही घेतली. डबी मुठीत मावते. तीस किलोंत माझं अख्खं कपाट बसेल आणि वर लोणच्याची बरणी.

भाचा : आणि लोणचं फुटून सगळं मिन्यावर.

मावशी : लोणच्याने मिन्याचा टवका थोडाच उडतो? अरे, मिना म्हणजे काच. शिसं घातलेली काच दळायची, रंगासाठी तिच्यात धातूंचे क्षार. कोबाल्ट घातला की निळा, तांबं घातलं की हिरवा, कथिलाने दुधासारखा पांढरा, आणि गुलाबी हवा असेल तर चक्क सोनं. ती पूड ओली करून धातूवर बसवायची आणि आठशे अंशांच्या आसपास भट्टीत वितळवायची. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जयपूरचा मीनाकार पांढरा आधी भाजतो, लाल सर्वांत शेवटी. जो रंग जास्त आच सोसतो तो पहिला; उलटं केलं तर लाल जळून काळा पडेल.

भाचा : लोणच्याने उडत नाही, मग हा टवका कशाने उडाला?

मावशी : आपटल्याने. नाहीतर एकदम तापून गार झाल्याने. तांबं आणि काच दोन्ही तापली की पसरतात, पण सारखी पसरत नाहीत. म्हणून चांगल्या डबीला आतूनही मिना देतात, दिसत नाही तिथेही. एकाच बाजूने दिला तर निवताना पत्रा वाकतो आणि काच तडकते. बाहेर ऑगस्टचं ऊन, आत एसीचा गारठा, आणि मध्ये आपली काचेची खिडकी. म्हणून फळ्या त्या भिंतीला आहेत, खिडकीला नाहीत. आणि कोमट पाणीसुद्धा नाही लावायचं. मऊ सुती कापड, बस.

हे बोलताना मावशींचा हात डबीवरून फिरत असतो. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला उगाच कशाला हात लावायची सवय नसते, त्यामुळे हे माझ्या लक्षात राहिलं.

भाचा : कला मान्य. पण ही कला तुझ्या घरात कशी आली ते बघ. विकणारा प्रत्येक वेळी सांगतो, ‘तव्वाशाच्या घरातली आहे.’ म्हणजे मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या. बहारीनमध्ये तव्वाश होते तरी किती? आणि प्रत्येकाच्या घरात मिन्याची डबी?

मावशी : तव्वाशाचं सोड, मुंबईचं बघ. इथले मोती मुंबईला जायचे. तिथे वर्गवारी, भोकं पाडणं, पुढे पॅरिस-लंडन. 1912 मध्ये कार्टिये या जवाहिऱ्यांच्या घराण्यातला झ्याक स्वतः इथे येऊन गेला, मधले दलाल टाळता येतील का ते बघायला. परतीच्या जहाजांत तांदूळ, कापड, मसाले, लाकूड. इथल्या बाजारात आपला रुपया चालायचा. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळी नोट काढली आणि 1965 मध्ये दिनार आला. इतकी ये-जा असताना एखाद्या नवऱ्याने बायकोसाठी मुंबईहून मिन्याची डबी आणली, यात न पटण्यासारखं काय आहे?

भाचा : न पटण्यासारखं काहीच नाही, तीच अडचण आहे. पटण्यासारखी गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांच्यामधल्या फटीतच विक्रेता उभा असतो. तुझी ती सगळ्यांत मोठी निळी घे. मासे, फुलं, वेली, निळ्यावर पांढरं. इस्फहानची आहे हे मान्य. पण तसल्या आजही रोज बनतात. तांब्यावर पांढऱ्या मिन्याचा थर, वर बारीक कुंचल्याने रंगकाम, पुन्हा भट्टी. इराणहून येणारा पाहुणा आजही हेच घेऊन येतो.

मावशी : ती नवीनच आहे. चाळीसेक वर्षांची असेल. मी कुठे जुनी म्हटलं?

भाचा : मग जुन्यांच्या फळीवर का?

मावशी : उंची जुळते म्हणून.

इथे काका आतल्या खोलीतून म्हणाले, ‘तिला विचार विलायतीवाल्या डबीबद्दल,’ आणि पुन्हा बातम्यांकडे वळले. या वादात त्यांचा वाटा एवढाच असतो आणि तो नेमका असतो.

भाचा : हो, ती. टिकल्यांची. ती तरी खरी आहे ना?

मावशी : नाही.

भाचा : काय?

मावशी : घेतानाच माहीत होतं. लोक अशा सगळ्या डब्यांना ‘बॅटरसी’ म्हणतात. लंडनजवळ बॅटरसीला यॉर्क हाउसमध्ये कारखाना होता, पण तो चालला फक्त 1753 ते 1756. मालक जॅन्सन, मोठा माणूस, मधल्या काळात लंडनचा लॉर्ड मेयर झाला आणि 1756 मध्ये दिवाळखोर. तीन वर्षांत असा किती माल निघणार? तांब्याच्या ठशावरचं चित्र कागदावर घ्यायचं आणि कागदावरून मिन्यावर उतरवायचं, ही युक्ती तिथे गाजली. बाकी बहुतेक डब्या बिल्स्टन, वेन्सबरी, बर्मिंगहॅमकडच्या. आणि त्यांची मागणी टिकली म्हणून पुढे पॅरिसमध्ये सॅमसन नावाच्या कारखान्याने त्यांच्या नकला काढल्या. 1845 पासूनचा कारखाना. माझी डबी तशा नकलांतली. बिजागरीची पट्टी बघ, जास्तच सुबक आहे. जुन्या डब्यांची कड हाताने दाबून बसवलेली असते, कुठे सैल, कुठे घट्ट.

भाचा : म्हणजे मघाची ती अडीचशे वर्षं?

मावशी : मघा तू आरशाबद्दल बोललास, मी तुझ्या चष्म्याबद्दल. डबी किती वर्षांची हे कुणी विचारलं होतं?

भाचा : नकली वस्तू माहीत असून घ्यायची म्हणजे कमाल आहे.

मावशी : नकलेलाही आता शंभराहून जास्त वर्षं झाली. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला अठराव्या शतकातलं इंग्लंड कसं दिसत होतं, ते यात आहे. खऱ्या डबीत ते नसतं.

या मुद्द्यावर मी मावशींच्या बाजूचा. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘खरं की खोटं’ हा प्रश्न पहिला विचारला जातो, आणि बऱ्याचदा तो चुकीच्या जागी विचारला जातो. सॅमसनची नक्कल भट्टीतूनच निघालेली असते. मला खुपते ती दुसरी जात: ज्याला हल्ली सरसकट ‘मिना’ म्हणून विकतात ते रंगीत रेझिन. तिथे भट्टी नाही, काच नाही, काहीच नाही. ओळखायला फार विद्या लागत नाही. काच हाताला गार लागते, रेझिन कोमट. भिंग लावलं आणि चित्र ठिपक्याठिपक्यांनी बनलेलं दिसलं, तर ते आजच्या छपाईचं. आणि डबी आतून कोरी, नुसता पत्रा असेल, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

भाचा : बरं, इंग्लंड-पॅरिस राहू दे. जयपूरची ती छोटी सोन्याच्या मुलाम्याची. ती आपली, ती जुनी. ती इथे काय करतेय?

मावशी : आपली म्हणजे कुणाची? मिना मुळात आपला होता का? अकबराने 1575 मध्ये हाजी हबीबुल्लाला गोव्याला पाठवलं, तिकडचे कारागीर आणि तिकडच्या कला घेऊन यायला. सोन्यावरचं मिनाकाम याच गोव्याच्या वाटेने मुघल दरबारात शिरलं असं मानणारे अभ्यासक आहेत. जयपूरवाले सांगतात, राजा मानसिंगाने लाहोरहून मीनाकार आणले. म्हणजे युरोपातून गोवा, गोव्याहून आग्रा-लाहोर, लाहोरहून आमेर. पुढे मुंबई आणि बहारीन. एवढ्या प्रवासात तू मला नेमकं नईमला थांबवतोयस.

भाचा : कारागीर प्रवास करतो ते वेगळं, वस्तू उचलून नेली जाते ते वेगळं. 1739 मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. दोन वर्षांनी त्याची वकिलात सेंट पीटर्सबर्गला पोचली, मुघल खजिन्यातल्या भेटी घेऊन. त्यांत मिन्याची भांडी होती, ती आज हर्मिटाज संग्रहालयात आहेत. तोही प्रवासच की.

मावशी : मला नादिरशहाच्या रांगेत बसवलंस!

भाचा : रांगेत नाही. पण तुझ्या फळीवरची प्रत्येक डबी कुणाच्या तरी घरातून निघालीय. कुणीतरी मेलं, कुणी कर्जात बुडालं, कुणाच्या सुनेला जुनं नकोसं झालं. घर मोडतं तेव्हा डबी बाजारात येते. तू मोडलेल्या घरांचे तुकडे गोळा करून आपलं घर सजवतेस.

मावशी काही क्षण बोलल्या नाहीत. हा मुद्दा मलाही जड वाटला, आणि खरं सांगायचं तर तो त्या दिवशी कुणीच खोडून काढला नाही.

मावशी : पुण्याला शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय बघितलंयस?

भाचा : शाळेची सहल गेली होती.

मावशी : दिनकर केळकर. चष्म्याच्या दुकानाचा घरचा धंदा, कविता ‘अज्ञातवासी’ नावाने. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, करंडे, पानाचे डबे, गंजिफा, वाद्यं गोळा केली. सगळी मोडलेल्या, विकल्या गेलेल्या घरांतलीच. वीस हजारांच्या घरात वस्तू. त्यांनी उचलले नसते तर ते अडकित्ते भंगारात वितळले असते. मोडलेल्या घराचा तुकडा उचलला नाही तर तो मूळ घरी परत जातो असं वाटतं का तुला?

भाचा : नाही जात. पण केळकरांनी काय केलं? सगळं सरकारला देऊन टाकलं. मुलाच्या नावाने, लोकांसाठी. आज तिकीट काढून कुणीही बघतं. तुझं कपाट कोण बघतं? मी आणि खालचे काका.

(खालचे काका म्हणजे मी. वयाचा हा हिशेब मला मान्य नाही, पण पंचाने आक्षेप घ्यायचा नसतो.)

भाचा : आणि शेजारी कुवेतचं उदाहरण घे. शेख नासिर अल-सबाह यांचा संग्रह. मुघल मिनाकामाचे अफाट नमुने. तो खासगीच संग्रह, पण 1983 मध्ये संग्रहालयात मांडला. 1990 मध्ये इराकी फौजांनी उचलून बगदादला नेला. युद्धानंतर बहुतेक वस्तू परत आल्या. का आल्या? कारण काय काय होतं याची नोंद होती. तुझी एक डबी उद्या गेली तर पोलिसांना काय सांगशील? ‘निळी, छान होती’?

मावशी : सगळ्या पाठ आहेत मला.

भाचा : तुला आहेत. तुझ्यानंतर?

इथून गाडी कायद्यावर आली, आणि मला वाटतं भाचा सुरुवातीपासून तिकडेच निघाला होता.

भाचा : गावी जाताना हे सगळं नेणार म्हणतेस. मग 1972 चा पुरातन वस्तू कायदा वाच. 1976 च्या एप्रिलपासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू तुला-मला भारताबाहेर नेता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. म्हणजे जयपूरची डबी एकदा गावी नेली की ती तिथलीच. उद्या मुलीकडे ओमानला राहायला गेलीस तर ती सोबत येणार नाही. डबी शंभर वर्षांच्या आतली आहे असा पुरातत्त्व खात्याचा दाखला मिळाला, तरच.

मावशी : मग उत्तम. ती परत घरी जाईल. तुझाच मुद्दा होता ना, इथे काय करतेय म्हणून?

भाचा : हा मुद्दा तू जिंकलीस. पण उलट बाजू बघ. तो चांदीचा करंडा, झाकणावर हिरवा-लाल मोर. तो कुठला?

मावशी : आपल्या घरचा. माझ्या पणजीच्या आईचा. दीडशे वर्षं तरी झाली असतील. तो मी लग्नानंतर...

भाचा : ...इकडे घेऊन आलीस. हँडबॅगेत. दीडशे वर्षांचा करंडा.

फार वेळ कुणी बोललं नाही. आतल्या बातम्यांचा आवाज काकांनी मुद्दाम कमी केला असावा.

मावशी : पणजीच्या आईचा म्हणतात घरात. पण आई सांगायची, तिच्या लग्नात नाशिकच्या सोनाराकडून घडवला. पन्नास साल असेल. मोराची नक्षी पुढची वाटते, नाही?

भाचा : मला काय कळतं मोरातलं? मघाशी शतकं तूच सांगत होतीस.

मावशी : एक गोष्ट नक्की. त्यात कुंकू असायचं, खायचं काही नव्हतं. तसं कशातच ठेवू नये. मिन्यात शिसं असतं. विलायतेत याच डब्यांत गोळ्या-मिठाई ठेवायचे लोक, मी बडीशेपसुद्धा ठेवत नाही.

भाचा : विषय बदलू नकोस.

मावशी : बदलत नाही. वही आण.

वही आली. शाळेची, दोनशे पानी, समासाला लाल रेघ. भाच्याने पट्टीने रकाने आखले: वस्तू, धातू, कुठून घेतली, कुणाकडून, काय सांगून विकली, वय, टवके, किंमत. किमतीचा रकाना मावशींनी खोडायला लावला. हा वाद लांबला असता, पण भाच्याने पेन्सिलने काट मारून तो संपवला. ‘काय सांगून विकली’ या रकान्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. त्यात ‘तव्वाशाच्या घरातली’ असं इतक्या ओळींत आलं की भाचा नुसतं ‘तव्वाश’ लिहून खाली टिंबं द्यायला लागला. इस्फहानी निळी, नवी. विलायती टिकल्यांची, नक्कल, आरसा आंधळा. चिनी, काड्यापेटीवर चढवायची, बिजागरी तुटकी. जयपूरची, मुलामा, आतून हिरवा मिना, टवके दोन. फोटो भाच्याने फोनवर काढले, प्रत्येक डबीखाली मापपट्टी ठेवून; ही शिस्त त्याने कुठून आणली ते मला ठाऊक नाही, पण डबी उचलताना तोही आता ती दोन्ही हातांनी उचलत होता.

करंडा शेवटी आला.

भाचा : धातू, चांदी. कुठून घेतली, ‘घरचा’. कुणाकडून, ‘आई’. काय सांगून विकली...

मावशी : काट मार तिथे. विकला नाही कुणी.

भाचा : वय?

मावशी : पन्नास.

भाचा : म्हणजे पन्नास वर्षं की 1950?

मावशी : 1950. आणि पेन्सिलने लिही.